उफराटी

सकाळी सातपर्यंत बोटं माझी नसतात.
रात्रभर कुणीतरी त्यांत जांभा भरून ठेवतं.
गरम पाण्याच्या टोपात हात बुडवून बसते,
एकेक परत येतं :
आधी करंगळी, ती लहानपणापासून आगाऊ,
शेवटी उजवा अंगठा, साहेबासारखा.

गुडघ्यांना रात्री निरगुडीचा पाला बांधला होता.
पाला सुकला. गुडघे तसेच.

चिपळूणचे डॉक्टर म्हणाले, चढ सोडा.
म्हटलं, आमच्याकडे चढ सोडला
तर उरतो फक्त समुद्र.
हसले. रविवारच्या पिवळ्या गोळ्या लिहिल्या, चार.

भावाने मागे स्कूटर दिली होती महिनाभर.
त्या महिन्यात गुडघे गंजले,
जिना उतरताना कडीसारखे वाजायचे.
परत दिली.

रझाकभाई परकारांनी मागच्या चाकाला
चौतीस दात्यांची चकती बसवली,
म्हणाले, माझ्या तोंडात सहा कमी आहेत, ताई,
तुमच्या सायकलला तरी पूर्ण असू देत.
सीट दोन बोटं वर घेतली :
गुडघा दुमडला की भांडतो,
लांब सोडला की ऐकतो.

पालशेत सोडलं की घाटी अंगावर येते.
पिग्मीची बॅग मागे, पावतीपुस्तक पुढे,
पतपेढीची एकशे बारा खाती
निम्मी खाली वाडीत, निम्मी वर सड्यावर,
देवाने वाटणी केली तेव्हा माझं मत घेतलं नाही.

पहिलं वळण : मांड्या तक्रार करतात.
करू देत, मांड्यांची तक्रार खरी नसते,
ती पोराच्या रडण्यासारखी, जरा लक्ष हवं असतं.
दुसरं वळण : उजवा गुडघा.
त्याचं मात्र ऐकते.
ही दुखते ती नस, हा दुखतो तो सांधा,
दोघांचे आवाज वेगळे,
जशी भरतीची गाज आणि ओहोटीची
रात्री अंथरुणातूनसुद्धा कळते.

तिसऱ्या वळणाला श्रीधर भुवडांचा गडगा.
पाय न टेकता त्याला कोपर लावून उभी राहते,
चाक थांबलेलं, मी थांबलेली, करवंदीची जाळी थांबलेली.
एसटी वर जाते. कंडक्टर हात करतो.
मी मान हलवते, हात मोकळा नसतो.

मग पुन्हा. हळू.
इतकं हळू की काजूच्या बोंडावरची माशी
माझ्या आधी वर पोचते.
बोलता येईल इतकाच श्वास खर्च करते,
आणि बोलायला कुणी नसतं म्हणून
खाती म्हणते : गोविंद आग्रे तीस, शबाना मुकादम पन्नास,
आडूरची जाईबाई दहा, कधी पाच.

सड्यावर वारा येतो, एकदम, परवानगी न घेता.
खाली बुदलच्या होड्या.
कातळावर बसत नाही, बसले तर उठायचं कोण.

आणि मग उतार.
लोकांना वाटतं उतार म्हणजे सुट्टी.
माझी खरी घाटी तिथून सुरू होते :
ब्रेक दाबायला बोटं लागतात.
एकदा मे महिन्यात नाही मिटली,
आमराईच्या कुंपणाने धरलं म्हणून वाचले.
तेव्हापासून वर चढते सायकलवर
आणि उतरते चालत, सायकलला बकरीसारखी धरून.

आडूरची पोरं म्हणतात, आली उफराटी बाई,
चढावर बसते, उतारावर उतरते!
पहिल्यांदा लागलं. आता मीच घंटी वाजवते.

जाईबाई बोंबील पसरत असते.
दहाच्या नोटा चिकटलेल्या, खाऱ्या,
माझ्या बोटांना सुटत नाहीत.
ती ओले हात पदराला पुसते,
माझ्या हातातून घेते, स्वतःच मोजते,
माझ्याच पुस्तकात माझ्याच पेनाने आकडा घालते.
सात वाकडा काढते, कोयतीसारखा.

विचारते, आज दुखतंय?
म्हणते, आज चौथ्या वळणापर्यंत नाही.
मग चौथ्याला?
चौथ्याला वारा होता, म्हणते,
आणि पाच रुपये उद्या, म्हणते ती.